पेलेट स्टोव्ह म्हणजे काय? कसा निवडायचा, कसा सांभाळायचा आणि अ‍ॅपवर किती विसंबायचं?

फोनवरून एसी चालू करणं, फोनवरून गीझर चालू करणं आता आपल्याला नवीन राहिलेलं नाही. पण फोनवरून चक्क विस्तव पेटवता येतो, हे मला इटलीत आल्यावर कळलं. आणि तो कधी पेटवू नये, हे कळायला एक घाबरवणारी संध्याकाळ जावी लागली.

मी उत्तर इटलीत, ट्यूरिन शहरापासून ट्रेनने पाऊण तासावर एका डोंगराळ गावात भाड्याने राहतो. घर जुनं, दगडी भिंतींचं, साधारण 70 चौरस मीटरचं. गावात गॅसची पाइपलाइन नाही. इथे ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत घर गरम करावं लागतं आणि जानेवारीत रात्री पारा शून्याच्या खाली जातो. घरातला जुना लाकडाचा स्टोव्ह काढायचा होता तेव्हा घरमालकीण म्हणाल्या, "तुम्ही इंजिनिअर आहात ना, मग तुम्हीच निवडा." खर्च निम्मा-निम्मा ठरला आणि मी पेलेट स्टोव्हच्या अभ्यासाला लागलो.

परदेशात शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना इटली, जर्मनी, ऑस्ट्रिया किंवा अमेरिकेच्या थंड भागात असा स्टोव्ह कधी ना कधी भेटतोच. म्हणून जे मला आधी माहीत असायला हवं होतं, ते सगळं इथे एकत्र सांगतो.

पेलेट म्हणजे नेमकं काय?

लाकूड कापताना पडणारा भुसा वाळवून, प्रचंड दाबाखाली बारीक भोकांतून ढकलला की छोट्या कांड्या तयार होतात. त्या म्हणजे पेलेट. दिसायला गुरांच्या गोळी पेंडीसारख्या. यात गोंद घालावा लागत नाही. लाकडातच लिग्निन नावाचा घटक असतो, तो उष्णतेने मऊ होतो आणि भुसा धरून ठेवतो.

घरगुती पेलेट बहुतेक 6 मिलिमीटर जाडीचे असतात. इथे ते 15 किलोच्या प्लास्टिकच्या पिशवीत मिळतात. चांगल्या पेलेटच्या एका किलोत साधारण 4.8 किलोवॅट-तास ऊर्जा असते. स्टोव्हची कार्यक्षमता 90 टक्के धरली तर एका पिशवीतून सुमारे 65 किलोवॅट-तास उष्णता घरात येते. म्हणजे एक किलोवॅटचा हीटर 65 तास चालवल्याइतकी.

स्टोव्ह चालतो कसा?

आपल्या चुलीचीच कल्पना करा, फक्त प्रत्येक कामाला एक मोटर लावलेली. लाकूड सरकवायचं काम एक स्क्रू करतो. तो बरम्यासारखा फिरतो आणि मागच्या टाकीतले पेलेट थोडे थोडे पुढे ढकलतो. ते एका छोट्या लोखंडी वाटीत पडतात. या वाटीला बर्न पॉट म्हणतात. वाटीला बारीक भोकं असतात. विजेवर तापणारी एक कांडी त्या भोकांतून गरम हवा सोडते आणि पाच-दहा मिनिटांत जाळ धरतो. फुंकणीचं काम पंखा करतो, पण उलट्या दिशेने. तो धूर बाहेर ओढून घेतो आणि त्या ओढीमुळे ताजी हवा वाटीच्या भोकांतून आत येते. दुसरा पंखा गरम झालेली हवा खोलीत सोडतो.

या सगळ्यावर एक सर्किट बोर्ड लक्ष ठेवतो. धुराचं तापमान किती, हवेचा दाब किती, खोली किती गरम झाली, हे त्याला सेन्सरवरून कळतं. त्यावरून तो किती पेलेट टाकायचे ते ठरवतो.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, विजेशिवाय हा स्टोव्ह चालत नाही. पेटताना साधारण 300 वॅट आणि नंतर 100 वॅटच्या आत वीज लागते, पण ती लागतेच. दोन, त्या वाटीची भोकं उघडी असणं, यावर सगळा खेळ आहे.

निवडताना काय बघायचं?

1. किती किलोवॅट? दुकानात मला पहिल्यांदा 12 किलोवॅटचा स्टोव्ह दाखवला. "मोठा घ्या, लवकर गरम होईल." ऐकायला बरं वाटतं, पण हिशोब करा. साध्या घराला प्रत्येक घनमीटरला ढोबळ 35 वॅट लागतात. चांगलं इन्सुलेशन असेल तर कमी, जुन्या गळक्या खिडक्या असतील तर जास्त. माझं घर 70 चौरस मीटर, उंची 2.7 मीटर, म्हणजे 189 घनमीटर. गुणिले 35 केलं की साधारण 6.6 किलोवॅट. मी 8 किलोवॅटचा घेतला.

गरजेपेक्षा मोठा स्टोव्ह कायम मंद आचेवर रखडत चालतो. मंद आचेवर जळण नीट होत नाही, काच काळी पडते, नळीत काजळी साचते आणि स्टोव्ह सतत बंद-चालू होत राहतो. पेटवणारी कांडी त्यामुळेच लवकर जाते.

2. कोणत्या प्रकारचा? साधा स्टोव्ह एक खोली आणि आजूबाजूची जागा तापवतो. दुसऱ्या प्रकारात गरम हवा नळ्यांनी इतर खोल्यांत नेतात. तिसऱ्या प्रकारात स्टोव्ह पाणी तापवतो आणि ते पाणी घरभरच्या रेडिएटरमध्ये फिरतं. तिसरा सगळ्यात महाग, आणि त्याची जोडणी जाणकारालाच करावी लागते. भाड्याच्या छोट्या घराला पहिला प्रकार पुरतो.

3. धूर कुठून जाणार, हवा कुठून येणार? हा प्रश्न स्टोव्हच्या रंगाआधी विचारा. इथे धुराची नळी छपराच्या वर न्यावी लागते, खिडकीतून बाहेर काढून चालत नाही. जळण्यासाठी बाहेरची हवा आत यायची वाटही ठेवावी लागते. बसवणाऱ्याला परवाना लागतो आणि काम झाल्यावर तो लेखी प्रमाणपत्र देतो. ते जपून ठेवा.

4. किती तारे? फ्रिजला असतात तसे इटलीत लाकूड आणि पेलेटच्या स्टोव्हना 1 ते 5 तारे मिळतात. 2017 च्या सरकारी आदेशाने ही पद्धत आली. हे तारे फक्त बचतीचे नाहीत, धुरातल्या बारीक कणांचेही आहेत. पो नदीच्या खोऱ्यात हिवाळ्यात हवा कोंडते आणि धुरकं दिवसेंदिवस बसून राहतं. त्यामुळे आमच्या पिएमोंते प्रांतात नवीन स्टोव्ह किमान 4 ताऱ्यांचाच लागतो. पेलेट लाकडाचे असले तरी त्यांचा धूर शेजाऱ्याच्या फुफ्फुसातच जातो, हे विसरून चालणार नाही.

5. जवळ मेकॅनिक आहे का? स्टोव्ह ऑनलाइन स्वस्तात मिळतो. पण डिसेंबरमध्ये सर्किट बोर्ड गेला तर तो बदलायला कोण येणार? दोन मॉडेल सारखी असतील तर ज्याचा सर्व्हिसवाला अर्ध्या तासावर आहे ते घ्या.

पेलेटची पिशवी कशी वाचायची?

पिशवीवर ईएनप्लस ए1 हे चिन्ह आणि त्यासोबत उत्पादकाचा क्रमांक शोधा. ए1 म्हणजे राख जास्तीत जास्त 0.7 टक्के, ओलावा जास्तीत जास्त 10 टक्के आणि कांड्या मजबूत, म्हणजे भुगा कमी. स्वस्त पिशवीत झाडाची साल, माती किंवा भेसळीचं लाकूड असू शकतं. त्याची राख जास्त पडते. शिवाय ती वितळून दगडासारखी घट्ट होते आणि वाटीची भोकं बुजवते.

घरी करायची एक सोपी चाचणी आहे. ग्लासभर पाण्यात चार-पाच कांड्या टाका. चांगले पेलेट तळाशी बसतात आणि थोड्या वेळात फुगून त्यांचा भुसा होतो. यावरून हेही कळतं की पेलेटचा खरा शत्रू पाणी आहे. पिशव्या थेट फरशीवर ठेवू नका, खाली लाकडी पाट घाला. आणि त्या हवा खेळती असलेल्या जागी ठेवा. मोठ्या बंद कोठारात साठवलेल्या पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड सुटतो आणि त्याने युरोपात माणसं दगावलेली आहेत.

माझ्या घरी हिवाळ्यात साधारण 90 पिशव्या लागतात, म्हणजे 1350 किलो. पिशवीला साडेपाच युरो धरले तर 500 युरोच्या आसपास. पण 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर हेच भाव दुपटीच्या वर गेले होते. म्हणून मी आता उन्हाळ्यातच अर्धा साठा भरून ठेवतो.

ती संध्याकाळ

आता मुद्द्याची गोष्ट. आई सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून दोन महिन्यांसाठी आली होती. फेब्रुवारीतला दिवस होता. बायको ऑफिसच्या कामाला मिलानला गेलेली, मी ट्यूरिनहून परतीच्या ट्रेनमध्ये, आई घरी एकटी. मी नेहमीप्रमाणे फोन काढला आणि अ‍ॅपवरून स्टोव्ह चालू केला. दहा-पंधरा मिनिटांनी स्क्रीनवर लाल अक्षरं आली : पेटला नाही.

मी आईला फोन केला. "आई, स्टोव्हवरचं बटण तीन सेकंद दाबून धर, मी इथून परत चालू करतो." तिने दाबलं. मी परत चालू केला. परत तोच अलार्म. आम्ही परत तेच केलं.

झालं असं होतं की तीन दिवस मी वाटी साफ केली नव्हती. वर त्या आठवड्यात कुठलंच चिन्ह नसलेल्या दहा स्वस्त पिशव्या आणल्या होत्या. भोकं बुजलेली, त्यामुळे जाळ धरत नव्हता. पण मी प्रत्येक वेळी 'चालू' दाबलं की स्क्रू इमानदारीने आणखी पेलेट टाकत होता. तिसऱ्या वेळी वाटीत ढीग झाला आणि तो नुसता धुमसत राहिला. आगपेटीत पांढरा धूर कोंडला आणि मग तो सगळा एकदम पेटला. फोनवर मला 'धप्प' असा आवाज ऐकू आला. पाठोपाठ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म किंचाळायला लागला.

स्टोव्हचं दार टिकलं, काच टिकली. पण टाकीच्या झाकणातून आणि दाराच्या फटीतून खोलीत धूर आला. मला काही सुचत नव्हतं. आईने मात्र मला विचारायची वाट पाहिली नाही. दोन्ही खिडक्या उघडल्या, शाल घेतली आणि थंडीत बाहेर जिन्यावर जाऊन बसली. मी पोचलो तेव्हा ती शेजारणीच्या घरात कॉफी पीत होती.

रात्री घरमालकिणीच्या ओळखीचा मेकॅनिक आला. स्टोव्ह थंड झाल्यावर त्याने वाटी काढून दाखवली. तळाला राखेचा खडा बसला होता. आई बघत होती. म्हणाली, "अरे, चूल पेटंना म्हणजे आधी राख ओढायची असते. तू नुसतं वरनं लाकडं घालत बसलास."

मॅन्युअलच्या पहिल्या काही पानांत हेच लिहिलेलं आहे : पेटवणं फसलं तर परत चालू करण्याआधी वाटी रिकामी करा. मी इंजिनिअर, मी ते वाचलं नव्हतं.

मग अ‍ॅप कशासाठी वापरायचं?

अ‍ॅप वाईट नाही, मी आजही वापरतो. पण अ‍ॅपला तापमान कळतं, वाटीतली राख दिसत नाही. म्हणून माझे नियम हे :

- सकाळी वाटी साफ केली असेल तरच संध्याकाळी फोनवरून चालू करायचा.
- अलार्म आला की फोनवरून पुन्हा प्रयत्न नाही. आधी घरी जायचं, स्टोव्ह थंड होऊ द्यायचा, वाटी काढून रिकामी करायची.
- वाटीतले अर्धवट जळलेले पेलेट परत टाकीत टाकायचे नाहीत. त्यात निखारा असू शकतो.
- घरी फक्त म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर लांबून पेटवायचा नाही.

आणि आगपेटीत दाट पांढरा धूर भरलेला दिसला तर? दार उघडू नका, कारण हवा मिळताच तो भडकू शकतो. प्लगही ओढू नका, कारण धूर बाहेर फेकणारा पंखा बंद पडेल. स्टोव्ह बटणाने बंद करा, खिडक्या उघडा आणि बाहेर व्हा. डोकं दुखतंय, मळमळतंय, चक्कर येतेय असं वाटलं तर बाहेर पडून युरोपात 112 ला फोन करा.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आपल्याकडे बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे लोक बेशुद्ध पडल्याच्या, गेल्याच्या बातम्या आपण वाचतो ना, तोच हा वायू. त्याचा अलार्म म्हणजे ईएन 50291 हा मानक क्रमांक असलेली छोटी डबी. स्टोव्हच्या किमतीपुढे तिची किंमत काहीच नाही. स्टोव्हसोबतच घ्या.

देखभालीचं वेळापत्रक

रोज (पाच ते दहा मिनिटं, स्टोव्ह पूर्ण थंड असताना) : वाटी काढा, राख झटका, भोकं तारेने किंवा ब्रशने मोकळी करा, वाटी परत नीट बसवा. वाकडी बसली तर पेटवणारी कांडी आणि भोक समोरासमोर येत नाहीत. काच ओल्या कागदाला थोडी राख लावून पुसा, झकास निघते.

दर तीन-चार दिवसांनी : राखेचा ट्रे रिकामा करा. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत टाका आणि बादली घराबाहेर ठेवा. वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा बराच वेळ जिवंत राहतो. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका. राखेसाठी वेगळा मिळतो, आणि तोही थंड राखेवरच.

महिन्यातून एकदा : टाकीच्या तळाचा भुगा काढा, नाहीतर स्क्रू अडकतो. दाराभोवतीची दोरी तपासा. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर दोरी बदलायची वेळ झाली.

वर्षातून एकदा : मेकॅनिकला बोलवा. धुराची नळी, पंखा, सेन्सर ही आपल्या हाताची कामं नाहीत. हे काम सीझन संपताच करून घ्या, ऑक्टोबरमध्ये त्यांना फोन लागत नाही. त्याच वेळी टाकी पूर्ण रिकामी करा. उन्हाळाभर राहिलेले पेलेट ओलावा पितात आणि स्क्रूमध्ये चिकटून बसतात.

आणि येता-जाता ज्वाळेकडे बघा. पिवळी-पांढरी, चपळ ज्वाळा म्हणजे सगळं ठीक. लालसर, आळशी, टोकाला काळी ज्वाळा म्हणजे हवा कमी पडतेय.

महाराष्ट्रात याचा उपयोग आहे का?

घर गरम करायला, खरं सांगायचं तर नाही. नाशिक-महाबळेश्वरच्या थोड्या कडाक्याच्या रात्रींसाठी एवढं मशीन कोण घेणार? पण पेलेट आपल्याला अगदी अनोळखी नाहीत. बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि बीपी यांनी मिळून 'ऊर्जा' नावाचा स्वयंपाकाचा पेलेट स्टोव्ह आणला होता. आत छोटा पंखा आणि इंधन शेतातल्या टाकाऊ मालाचे पेलेट. नंतर तो व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे आला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या हजारो घरांत तो गेला. पण पेलेट महाग झाले आणि घरगुती वापर मागे पडला. धडा तोच : स्टोव्ह कितीही चांगला असो, परवडणारे पेलेट जवळ मिळत नसतील तर तो नुसता लोखंडाचा डबा.

शेवटी थोडक्यात

स्टोव्ह घेताना आपण किलोवॅट, तारे, वायफाय बघतो. ते बघाच. पण त्याआधी स्वतःला विचारा : रोज सकाळी दहा मिनिटं राख काढायला मी तयार आहे का? उत्तर 'नाही' असेल तर पेलेट स्टोव्ह घेऊ नका, दुसरा पर्याय शोधा. 'हो' असेल तर स्वस्तात मिळणारी ही छान ऊब आहे.

आई परत जाताना आमच्या स्टोव्हशेजारच्या खिळ्याला एक छोटा ब्रश अडकवून गेली. मी आता रोज आधी तो हातात घेतो, मग फोन.

तुमच्या ओळखीचं कोणी यंदा थंड देशात राहायला जाणार असेल तर हा लेख त्यांना नक्की पाठवा.